आई गृहिणी नव्हे, मासळी विक्रेती

माननीय संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत, नेपाळमध्ये बायकांसाठी काम करायला गेलेल्या आमच्या गावच्या मुलीवर आलेला लेख वाचला आणि कालच्या अंकात त्यावर छापलेले पत्रही वाचले. लेखाने वाईट वाटलेच होते, पत्राने झोप उडाली. तुमच्या अंकाची मी जुनी वाचक आहे, म्हणून स्पष्ट लिहिते.

आधी मथळा. ‘कोकणकन्येची सातासमुद्रापार झेप’. मुलगी नेपाळच्या सुदूरपश्चिम डोंगरांत, अछाम जिल्ह्यात आहे. त्या देशाला समुद्रच नाही. आपल्याला तिथे जायला व्हिसा लागत नाही, विमानाने गेले तरी मतदार ओळखपत्र चालते. ती तर रेल्वेने आणि पुढे बसने गेली, खेड स्टेशनात तिला सोडायला मी होते. पण ही चूक मी सोडून देते. दुसरी सोडणार नाही.

‘वडील दिवंगत मच्छीमार, आई गृहिणी’ असे छापले आहे. ही बाई वीस वर्षे सुकी मासळी विकते. लिलावात माल घ्यायचा, खारवायचा, वाळवायचा, आणि १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात तेव्हा सुकट, सोडे, खारा बांगडा घेऊन वाडी-वाडी फिरायचे. नवरा गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. त्यानंतर घर चालले ते या मासळीच्या पाटीवर, मुलगी समाजकार्य शिकून एमएसडब्ल्यू झाली तीही या पाटीवर. तुमचा वार्ताहर तिच्या ओट्यावर बसून चहा प्यायला, अंगणात सुकट वाळत होती, आणि त्याने तिला विचारले काय, तर ‘मुलीला परदेशी पाठवताना भीती नाही वाटली?’ धंद्याबद्दल एक प्रश्न नाही.

आता कालचे पत्र. ‘इथल्या बायकांचे प्रश्न संपले का? घरचे सोडून परक्या देशात समाजसेवा कशाला?’ असे ते गृहस्थ विचारतात. ते कधी बंदरावर आले आहेत का? आपल्या बोटींवर जाळी ओढणारे खलाशी आज कोण आहेत? हापूसच्या बागा राखायला झोपडी करून कोण राहते? नेपाळी माणसे. त्यांच्यामागे गावात राहिलेल्या बायका म्हणजेच त्या ‘परक्या’ बायका. मुलीने मला फोनवर सांगितले, की तिथल्या एका बाईला हिंदी धड येत नाही, पण ‘रत्नागिरी’ हा शब्द नीट येतो, कारण नवरा तिथून पैसे पाठवतो. जो माणूस आपल्या ताटातली मासळी पकडतो त्याची बायको आपल्याला परकी कशी?

त्या भागात छाउपडी आहे. पाळीच्या दिवसांत बाईने घराबाहेरच्या झोपडीत राहायचे. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ही प्रथा बंद करायला सांगितले, २०१७ साली कायदा झाला, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ३,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरीही थंडीत झोपडीत शेकोटी पेटवून धुराने गुदमरून बायका मेल्याच्या बातम्या त्यानंतर आल्या. माझ्या आईने पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटावर काढलेले चार-चार दिवस मी पाहिले आहेत. कावळा शिवला म्हणायचे. त्यामुळे मला हे फार दूरचे वाटत नाही.

मुलगी तिथे झोपड्या पाडायला गेलेली नाही. बायकांचे बचतगट आहेत, तिथे ती हिशेब लिहायला शिकवते, कागदपत्रे करून द्यायला बरोबर जाते. हे ती कुठे शिकली ते लेखात नाही, म्हणून मीच सांगते.

२०१० साली आमच्या गटात अकरा बायका होत्या. मी शाळेत शिक्षिका, त्यामुळे गटाची वही माझ्याकडे, पण शाळेच्या कामातून मला जमेना. मग चौथीतली ही मुलगी वही लिहू लागली. कोणी किती भरले, कोणाला किती दिले, काय ठरले. बायका सांगायच्या आणि ती लिहायची. मासळीसाठी बर्फाच्या पेट्या घ्यायच्या ठरले आणि कर्जासाठी आम्ही तालुक्याच्या एका बँकेत गेलो. मुलीला सुट्टी होती, पासबुकांची पिशवी तिच्या मांडीवर होती. तिथल्या साहेबांनी कागद उघडलेही नाहीत. म्हणाले, ‘नवऱ्यांना घेऊन या, सह्या लागतील.’ आमच्यात तीन विधवा होत्या, एक नवऱ्याने टाकलेली. मी काही बोलायच्या आत तीच बाई उठली आणि म्हणाली, ‘नवरा असता तर तुमच्या दारात कशाला आले असते?’ साहेबांनी पुढच्याला बोलावले.

परतताना एसटीत कोणी बोलेना. मुलीने पासबुके काढली आणि एकेक मोठ्याने वाचली. सव्वीस महिने, एकाही बाईचा एकही हप्ता चुकलेला नव्हता. त्या दिवसाचे इतिवृत्त तिच्या अक्षरात आहे: ‘आज बँकेत गेलो. साहेबांनी नवरे मागितले. कर्ज मिळाले नाही.’ ती वही माझ्या ट्रंकेत आहे. तुमच्या वार्ताहराला मी ती दाखवायला काढलीही होती. त्यांना फोटोची घाई होती.

पेट्या आम्ही पुढच्या वर्षी गटाच्याच पैशातून घेतल्या. पुढे मुलगी कॉलेजला गेली तेव्हा वही सहा महिने कोरी राहिली, कारण आम्ही इतरांना लिहायला शिकवलेच नव्हते. ती आमची चूक होती, माझी सर्वांत जास्त. मागच्या महिन्यात तिने निरोप पाठवला, ‘बाई, इथेपण वही माझ्याच हातात आली आहे. पण दोन महिन्यांत मी ती सोडणार, बायकाच लिहिणार.’ तो वाचून मला रडू आले.

आणि इथले तिने काही केले नाही म्हणता? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीची कौले उडाली. पंचनाम्याला माणसे आली तेव्हा कळले, की विधवा राहते त्या घराची घरपट्टी दिराच्या नावावर, आणि दीर मुंबईला. टाळेबंदीमुळे मुलगी घरीच होती. तिने एकेका बाईचा भरपाईचा अर्ज लिहिला, उतारे जोडले, नेऊन दिले. तेव्हा कोणी तिच्यावर लेख लिहिला नाही, पत्रही नाही.

देवरुखच्या पार्वतीबाई आठवले १९१८ साली अमेरिकेला गेल्या. विधवा बाई, पंचेचाळिशी उलटलेली. लोकांच्या घरी कामे करत इंग्रजी शिकल्या, महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी पैसे जमवले. त्याही वेळी इथल्या बायकांचे प्रश्न संपलेले नव्हते.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. पावसाळ्यापूर्वी मी तुम्हाला लिलावाच्या जागी बायकांसाठी स्वच्छतागृह नाही म्हणून लिहिले होते. तुम्ही पत्र छापलेत, पण कापून, आणि नेमकी ती ओळ गाळून. उरले ते ‘बंदर परिसरात सोयींचा अभाव’. बायका पहाटेपासून तिथे उभ्या असतात आणि दिवसभर पाणी पीत नाहीत, हे मी लिहिले होते. या वेळी कृपया कापू नका.

माझी मागणी एवढीच, की पुढच्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापा: मुलीची आई सुकी मासळी विकते. लेखाचे कात्रण तिने देव्हाऱ्याशेजारी लावले आहे. वाचता येते तिला आता, गटातच शिकली. ‘गृहिणी’वर बोट ठेवून मला म्हणाली, ‘बाई, तेवढं बदलून आणा.’

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. दापोली, जि. रत्नागिरी

(गावाचे व माझे नाव छापू नये. मुलीच्या आईला त्रास नको.)