काका, तो ग्लास तुम्ही संपवलात, त्याबद्दल

काका, नमस्कार. तुम्हाला फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून कट करता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता काय कराल.

काल रात्री त्या स्टाउटची, म्हणजे माझ्या घरच्या काळ्या बिअरची, अजून एक बाटली उघडली. फुस्स झालं, वर कॉफीच्या रंगाचा फेस आला आणि मी बायकोला हाक मारली, बघ बघ. ती म्हणाली, दर बाटलीला हेच करतोस.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. २०२२च्या नोव्हेंबरात इथे इंग्लंडमध्ये डार्बीत मी घरी इंपीरियल स्टाउट केली. रशियाच्या कॅथरीन राणीच्या दरबारासाठी लंडनहून जी जड काळी बिअर जायची ना, साउथवर्कच्या थ्रेल यांच्या ब्रुअरीतून, त्याच जातीची. ग्रॅव्हिटी (म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, साखर किती उरलीय ते त्यावरून कळतं) १.१०२ला सुरू झाली, १.०२८ला थांबली, म्हणजे साधारण ९.७ टक्के अल्कोहोल. सात महिने बुधल्यात मुरवली, जूनमध्ये ५४ बाटल्या भरल्या, गॅस धरायला मोजून साखर घातली, आणि सप्टेंबर उजाडला तरी एकाही बाटलीत बुडबुडा नाही. झाकण न लावता रात्रभर ठेवलेला कोक असतो ना, तसं.

मग सल्ले सुरू झाले. जिथून माल्ट (बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य) घेतो त्या दुकानदाराने (नाव घेत नाही, अजून तिथूनच हॉप्स आणतो) एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, म्हणाला ओतून टाक आणि पुढच्या वेळी साधी बिअर कर. दुसरे एक जाणकार म्हणाले प्रत्येक बाटलीत अजून चमचाभर साखर घाल. ते ऐकलं असतं आणि यीस्टला (साखर खाऊन अल्कोहोल आणि गॅस करतं ते) चुकून जाग आली असती तर जिन्याखाली ५४ सुतळी बॉम्ब! मित्रांचं तर विचारूच नका, घरी आले की एक घोट, एक हसू, "डांबर मस्त झालंय" आणि ग्लास टेबलावर तसाच. असे अर्धे भरलेले ग्लास मी रात्री सिंकमध्ये ओतायचो. ते ओतताना काय वाटायचं ते नको आता.

तुम्ही भेटलात गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत. कोणीतरी सांगितलं की हे बर्टनच्या ब्रुअरीतून रिटायर झालेत. बाप्पासमोर बिअरचा विषय काढायचा म्हणजे मी अगदी कुजबुजत विचारलं, तर तुम्ही हातात मसालेभाताची प्लेट घेऊन मोठ्याने "ग्रॅव्हिटी किती होती?" आख्खी रांग वळून बघायला लागली.

पुढच्या रविवारी घरी आलात. मी ग्लास भरला आणि आधीच सॉरी म्हणून टाकलं. तुम्ही काही बोलला नाहीत. वास घेतलात, एक घोट, मग अजून एक, आणि असं करत करत वीसेक मिनिटांत ती मेलेली, गॅस नसलेली, कोमट बिअर तुम्ही तळापर्यंत प्यायलात. ग्लास रिकामा केलात, मिशी पुसलीत आणि म्हणालात, "बिअरला काही झालं नाहीये रे, यीस्ट दमलंय."

काका, हे जे आहे ना, ते पुढच्या सगळ्यापेक्षा मोठं होतं. उपाय काय, कोणालाही माहीत असेल. ताजं शॅम्पेनचं यीस्ट, जे दहा टक्के अल्कोहोलला घाबरत नाही आणि माल्टची उरलेली जड साखर त्याला फारशी पचत नाही, घातलेली साधी साखर तेवढी खातं, त्यामुळे बाटल्या फुटायची भीती कमी. पण तुम्ही सांगून निघून गेला नाहीत. माझ्या मुलीची औषध पाजायची सिरिंज मागून घेतलीत आणि ७४व्या वर्षी दुपारभर किचनमध्ये उभे राहून एकेका बाटलीत मिली-मिली सोडत बसलात, मी मागून कॅप मारत होतो. पैशाचं तर सोडाच, चहासुद्धा दुसऱ्यांदा नको म्हणालात. चाळीस वर्षं एका कामात घालवून त्याचा असा माज नसलेली माणसं मी फार कमी पाहिलीयत, आणि एक बॅच करून गुरू झालेले मात्र ढिगाने.

महिनाभर वरच्या गरम खोलीत, मग जिन्याखालच्या अंधारात. पहिल्या वर्षी जळक्या कॉफीचा कडूपणा जिभेला टोचायचा. आता तो खाली बसलाय, काळ्या मनुका, खजूर, शेवटी थोडी शेरीसारखी चव येते. तुम्ही त्या दिवशी थॉमस हार्डीज एल नावाच्या बिअरची गोष्ट सांगितली होतीत, १९६८ला डॉर्चेस्टरला निघालेली, पंचवीस वर्षं टिकेल असं बाटलीवरच लिहायचे. तेव्हा मला ती थाप वाटली होती, माफ करा.

एकोणीस बाटल्या उरल्यात. त्यातल्या सहा तुमच्या, कॅपवर मार्करने 'काका' लिहून ठेवलंय, तिथे कोणी हात लावत नाही. रविवारी घेऊन येतो. काकूंना सांगा पिठलं जरा तिखट करा.