ताई, त्या दिवशी तू माझ्या हातातलं पेन काढून घेतलंस

ताई,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय ते तुला विचारूनच. ‘लिही, पण माझं नाव नको टाकू,’ एवढंच म्हणालीस, म्हणून टाकत नाही. जर्मनीतल्या केम्निट्झच्या रायशेनहाइनर रस्त्यावरच्या त्या वसतिगृहात जी मराठी पोरं राहून गेली, त्यांना ते सांगायची गरजही नाही.

ऑक्टोबर 2022. मला जर्मनीत येऊन नऊ दिवस झाले होते. चाकणची पाच वर्षांची नोकरी सोडून, बाबांनी घरावर काढलेल्या कर्जाच्या जोरावर, वयाच्या 28 व्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो होतो. व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवलेल्या खात्यातून, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटमधून, महिन्याला 861 युरो सुटायचे, त्यात भाडं, जेवणखाण, पुस्तकं सगळं बसवायचं होतं. विद्यापीठाला नावनोंदणीसाठी आरोग्य विम्याचा पुरावा हवा होता. पब्लिक विमा, म्हणजे कायद्याने चालणारा सार्वजनिक आरोग्य विमा, तेव्हा महिन्याला साधारण 120 युरोंना पडायचा. फोनवरच्या एका माणसाने त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत प्रायव्हेट विमा देऊ केला होता आणि सोबत एक अर्ज पाठवला होता, पब्लिकमधून सूट मागण्याचा. तो अर्ज मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरत बसलो होतो. तू शेगडीवर वरण ठेवलं होतंस. माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघितलंस आणि म्हणालीस, ‘काऊन रे, कायची एवढी घाई?’ मी काही बोलायच्या आत पेन तुझ्या हातात होतं.

तोवर आपली ओळख जिन्यात दोनदा झालेल्या ‘मराठी का?’ पुरती. तू अमरावतीची, मी कऱ्हाडचा. तुझं पीएचडीचं तिसरं वर्ष, दुसऱ्या दिवशी तुला प्रेझेंटेशन होतं, हे मला नंतर कळलं. तरी तू खुर्ची ओढून बसलीस आणि त्या अर्जातल्या एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारलीस : ‘उनविडररुफलिश’. अर्थ विचारलास. मला येत नव्हता. ‘परत फिरवता न येणारं,’ तू सांगितलंस. जर्मनीत तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला पब्लिक विमा सक्तीचा असतो. नको असेल तर शिक्षण सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत सूट मागता येते, पण एकदा ती घेतली की शिक्षण संपेपर्यंत परतीची वाट बंद. पुढे विमा महाग होवो, आजार निघो, कंपनी हात वर करो, विद्यार्थी म्हणून पब्लिकमध्ये परत येता येत नाही. फोनवरचा माणूस यातलं अक्षरही बोलला नव्हता.

मग तू विचारलंस, ‘तुला काही जुना त्रास?’ मी म्हणालो, लहानपणापासून दमा आहे, पंप वापरतो. तू पॉलिसीची पानं उलटत गेलीस आणि एका ठिकाणी बोट ठेवून मलाच वाचायला लावलंस. आधीपासून असलेल्या आजारावरचा खर्च मिळणार नाही. साध्या, सरळ इंग्रजीत लिहिलेलं होतं. ते पान मी उघडलंच नव्हतं. पब्लिकवाले विद्यार्थ्याला कुठला आजार आहे हे विचारतच नाहीत, दम्याचं जे काही होईल ते त्याच कार्डावर. तोवर वरण तळाला लागलं होतं. त्याचा वास मजलाभर पसरला, आणि तू उठलीस ती खिडकी उघडायला, भांड्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

त्याच आठवड्यात माझ्यासोबत क्रांकेनकासेच्या, म्हणजे पब्लिक विमा देणाऱ्या संस्थेच्या, ऑफिसात आलीस. येताना पुण्याहून घेतलेली प्रवास विम्याची स्वस्त पॉलिसी मी रागाने फाडायला निघालो होतो, तर तेही करू दिलं नाहीस. विमानातून उतरल्यापासून विद्यापीठात नाव लागेपर्यंतच्या दिवसांत तीच उपयोगाची असते, तिची जागा तेवढीच आहे, असं म्हणालीस. मला हे फार पटलं. एजंट सगळेच लबाड नसतात. विचारलं तेवढंच ते सांगतात, आणि आम्हाला काय विचारायचं हेच माहीत नसतं.

17 जानेवारी 2023 ची रात्र तुला आठवत असेल. बाहेर बर्फ, मी सर्दीने तीन दिवस अंथरुणात, आणि पहाटे पंप चार-पाचदा मारूनही श्वास आत जाईना. मी भिंतीवर थाप मारली. तू फ्रीजवर दोन नंबर चिकटवून ठेवले होतेस : 112 जीवावर बेतल्यास, आणि 116117 दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर. तू 112 लावलास. अँब्युलन्समध्ये माझा हात धरून सारखं ‘हळू, हळू सोड’ म्हणत होतीस. चार दिवस मी दवाखान्यात होतो. घरी सांगू नको म्हणालो, तर म्हणालीस, ‘आईला मी सांगते, तू बोलू नको, तुझा आवाज ऐकून घाबरतील.’ आणि खरंच आईशी तूच बोललीस, अर्धा तास.

सुटी मिळाल्यावर मी बिलाची वाट बघत होतो. घरावरचं कर्ज डोळ्यांसमोर होतं. आलेला हिशोब असा : दवाखान्याचे दिवसाला 10 युरो याप्रमाणे चार दिवसांचे 40, अँब्युलन्सचे 10. औषधांना नंतर डब्यामागे 5 ते 10 युरो लागले. बाकी सगळं क्रांकेनकासेने परस्पर दिलं. तो कागद मी बाबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. बाबांनी फोन केला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच विचारलं, ‘त्या मुलीला जेवायला नेलंस का?’

या कार्डाने सगळं भागत नाही, हेही तूच शिकवलंस, आणि पूरक विम्याचं, म्हणजे पब्लिकच्या जोडीला वेगळा काढायच्या विम्याचं, तू सांगितलंस तसं स्वच्छ मला नंतरही कुणी सांगितलं नाही. ‘काय घ्यायचं त्याआधी काय नाही घ्यायचं ते ऐक,’ ही तुझी सुरुवात. मोठ्या माणसांच्या साध्या चष्म्याचे पैसे पब्लिक देत नाही, पण त्यासाठी वेगळा विमा काढून हप्ते भरण्यापेक्षा चष्मा पुण्यातून करून आण. माझी एक दाढ दुखत होती, म्हणून मी दातांचा पूरक विमा काढायच्या बेतात होतो. तू थांबवलंस. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेल्या उपचारांना तो विमा लागू होत नाही. शिवाय कॅप बसवायची झाली, तर साध्या उपचाराच्या ठरलेल्या खर्चाचे 60 टक्के पब्लिक देतं आणि उत्पन्न फार कमी असेल तर अर्ज केल्यावर ती मदत दुप्पट होऊ शकते. मी उत्पन्नाचे कागद जोडून अर्ज केला, साधी कॅप बसवली, जवळचं काही गेलं नाही. आणि दरवर्षीच्या तपासणीचा शिक्का मारायची ती छोटी वही, बोनुसहेफ्ट, तूच माझ्या हातात ठेवलीस. सलग पाच वर्षं शिक्के असतील तर 60 चे 70 टक्के होतात, दहा वर्षं असतील तर 75. माझ्या वहीत आता तीन शिक्के आहेत.

घे म्हणून मात्र एकच सांगितलंस, आणि त्यात ऐकून घेतलं नाहीस. परदेश प्रवासाचा आरोग्य विमा. पब्लिकचं कार्ड युरोपातल्या बहुतेक देशांत चालतं, त्याच्या मागच्या बाजूला ते छापलेलंच असतं, पण भारतात उतरलो की त्याचा उपयोग शून्य. मला हे विचित्र वाटलं. स्वतःच्या घरी जायला कसला आलाय प्रवास विमा? तू म्हणालीस, आता तुझं घर विम्याच्या लेखी इथे आहे. आणि मग खरी मेख दाखवलीस : काही कंपन्या माणूस ज्या देशाचा नागरिक आहे तोच देश वगळतात. म्हणून पैसे भरण्याआधी मला ईमेल लिहायला बसवलंस. मी भारतीय नागरिक, जर्मनीत राहतो, सहा आठवडे भारतात जातोय, तिथे आजारी पडलो तर खर्च मिळेल का, हो किंवा नाही लेखी कळवा. दोन दिवसांनी ‘हो’ आलं. ते उत्तर तू छापून माझ्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये घातलंस. वर्षाचा हप्ता 20 युरोसुद्धा नव्हता.

सप्टेंबर 2023 मध्ये मी गणपतीला कऱ्हाडला आलो. गौरी जेवल्या त्या रात्री मला ताप भरला. डेंग्यू. प्लेटलेट 38 हजारांवर आले, त्यात दम्याचा इतिहास, म्हणून डॉक्टरांनी सहा दिवस ठेवून घेतलं. 71 हजार रुपये झाले. सलाईन चालू असताना तुला मेसेज केला, तर तब्येत विचारून झाल्यावर लगेच तुझा दुसरा मेसेज : प्रत्येक बिलावर आजाराचं नाव, तारखा आणि शिक्का घे, इंग्रजीत, मूळ प्रती जपून ठेव, कंपनीला आजच कळव. माझी धाकटी बहीण ती यादी घेऊन बिलिंगच्या खिडकीपाशी दोन तास उभी होती. एका पावतीवर शिक्का नव्हता, ती परत गेली. परतल्यावर कागद पाठवले आणि पाचव्या आठवड्यात पैसे जमा झाले. बाबांनी ते कर्जाच्या हप्त्यात भरले.

ज्या सेमिस्टरमध्ये मी तिशी ओलांडली, ती मार्च 2024 मध्ये संपली आणि विद्यार्थ्याचा दर बंद झाला. हप्ता 200 युरोंच्या पुढे गेला, ओढाताण झाली, रविवारी बेकरीत काम धरलं. पण आधीची वर्षं पब्लिकमध्ये काढली होती म्हणून तिथेच स्वेच्छेने राहता आलं. दम्यासकट. 2022 मध्ये ती सही केली असती तर तेव्हा माझ्याकडे काय उरलं असतं, याचा विचार मी मुद्दाम एकदा करून बघितला. पुन्हा करवत नाही.

तू हे सगळं का करतेस, ते एकदाच बोललीस. आपण ट्रामची वाट बघत होतो. तू नवीन असताना ओळखीतला एक मुलगा गेला. त्याला घरी पाठवायला तुम्ही मुलांनी आठ दिवस पैसे गोळा केले, अनोळखी लोकांकडे मागितले. मृतदेह मायदेशी नेण्याचा खर्च पब्लिक विमा देत नाही, आणि तो खर्च देणारी जी पॉलिसी त्याच्याकडे होती ती संपून तीन आठवडे झाले होते. त्याच्या वडिलांशी फोनवर बोलायची वेळ तुझ्यावर आली होती. ट्राम आली, तू चढलीस, पुढे बोलली नाहीस. मी तेव्हा काहीच म्हणू शकलो नाही. आज म्हणतो. त्या वडिलांना जे ऐकावं लागलं, ते माझ्या वडिलांच्या वाट्याला येऊ नये म्हणून तू अगदी सुरुवातीपासून धडपडलीस, आणि मी त्या वेळी तुला फक्त वरण करपल्याबद्दल सॉरी म्हणालो होतो.

ताई, मनापासून आभार. त्या पहाटेचे, आईशी बोललेल्या अर्ध्या तासाचे, त्या छापलेल्या ईमेलचे.

तू श्टुटगार्टला गेल्यापासून आईकडे तुझा नवा पत्ता नाही. मेतकूट आणि कुरडया बांधून तयार आहेत, डिसेंबरमध्ये बहिणीची मैत्रीण येतेय तिच्याबरोबर पाठवायच्या आहेत. तेवढा पत्ता पाठव. आणि बाबांनी विचारायला सांगितलंय, पुढच्या गणपतीला कऱ्हाडला येशील का. गौरीच्या जेवणाला तुझं ताट मांडायचं म्हणतात.

तुझा,
तिसऱ्या मजल्यावरचा धाकटा भाऊ