खरा आकडा सांगत जा, बाबू

चि. बाबूस,

अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "सगळं ठीक आहे बाबा" म्हणतोस, मी "इकडेही ठीकच आहे" म्हणतो आणि फोन ठेवतो. असं वर्षभर चाललं आहे. म्हणून या वेळी लिहायला बसलो. ताई याचा फोटो काढून तुझ्या मोबाईलवर पाठवेल. अक्षर वाकडं असलं तरी सगळं वाच.

ताईच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला घरच्यांच्या उत्पन्नाचे कागद लागले, तेव्हा तू तुझी पगाराची स्लिप तिला पाठवलीस. मला दाखवू नको म्हणून तिला बजावलंही होतंस. पण माझ्यासमोरच मोबाईल उघडला गेला आणि मी पाहिली. तिच्यावर रागावू नकोस. तू आम्हाला 18,000 सांगितले होते. स्लिपवर 15,600 लिहिले आहेत, आणि पीएफ, ईएसआयसी म्हणजे कामगार विमा, कॅन्टीन कापून तुझ्या हातात पडतात 13,150. त्यातले 5,000 तू दर महिन्याला इकडे पाठवतोस. खोलीचा तुझा वाटा अडीच हजार, मेसचे तीन हजार. मग उरले किती, ते मी वहीत मांडून पाहिलं. 2,650 रुपये. साबण, रिचार्ज, बसभाडं, एखाद दिवस ताप आला तर गोळ्या, सगळं त्यातच. दिवाळीला सुट्टी मिळाली नाही म्हणालास. सुट्टी होती आणि ट्रॅव्हल्सच्या तिकिटाला पैसे नव्हते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. तुझ्या मायने करंज्या डब्यात भरून ठेवल्या होत्या, त्या महिनाभर तिने कोणाला हात लावू दिल्या नाहीत.

मला राग आला नाही. एक गोष्ट मात्र त्यानंतर घडली, ती तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

यंदा, 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसाने पऱ्हाटीची खालची बोंडं सडली हे तुला माहीत आहे. वरचा कापूस फुटला तो एकदमच. वेचायला बाया बोलावल्या. मागच्या वर्षी किलोला 10 रुपये दिले होते, यंदा त्या 12 मागत होत्या. मी अडून बसलो. म्हटलं, भाव नाही, सोयाबीन गेलं, 10 च देईन. धुऱ्यावर उभं राहून बराच वेळ घासाघीस चालली. पांदणीपलीकडची काकू, जी तुला लहानपणी बोरं द्यायची, ती कमरेला ओटी बांधता बांधता म्हणाली, "भाऊ, तुमच्या पोराले कंपनीवाला असाच कमी पैसा देते तं तुमाले कसं वाटते?"

तिला तुझ्या स्लिपचं काही माहीत नव्हतं. तिने सहज विचारलं. पण मी स्लिप पाहून तिसराच दिवस होता. मला उत्तर सुचलं नाही. बैलांना पाणी दाखवायचं निमित्त करून मी विहिरीकडे गेलो आणि तिथेच बसून राहिलो. परत येऊन म्हटलं, 12 घ्या.

यात मी फार मोठं मन दाखवलं असं समजू नकोस. आभाळ भरून येत होतं, आणि त्या बाया दुसऱ्याच्या वावरात गेल्या असत्या तर माझा कापूस मातीत पडला असता, हेही डोक्यात होतं. हिशेब करून पाहिला. सगळा मिळून 12 क्विंटल कापूस धरला तर दोन रुपये किलोने 2,400 रुपये जास्तीचे गेले. युरियाच्या नऊ गोण्यांचे पैसे झाले. जड गेलं. पण एक बाई दिवसभर वाकून 30 किलो वेचते, तेव्हा तिला 360 रुपये मिळतात, तेही कापूस ओला नसला आणि बोंडं भरलेली असली तर. सिलिंडरला साधारण 900 रुपये लागतात. म्हणजे 75 किलो कापूस वेचल्यावर एक सिलिंडर. तुझी माय आपल्या वावरातली वेचणी संपली की दुसऱ्याच्या वावरात जाते, तिलाही हाच दर. इतकी वर्षं मी मजुरी देताना कधी तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणला नव्हता. तुझाही नाही.

आता भाव नाही असं मी म्हटलं, ते खोटं नव्हतं. वही काढून सांगतो. बीटी बियाण्याचं पाकीट यंदा 901 रुपये, एकराला दोन. डीएपीची गोणी 1,350, तीही मागाल तेव्हा मिळत नाही, बरोबर दुसरं काहीतरी घ्या म्हणतात. वखरणी, डवरे, निंदण, फवारणी वेगळी. कापसाचा 2025-26 चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 आहे, पण सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर जायचं तर आधी मोबाईलच्या ॲपवर नोंदणी आणि ओलावा 12 टक्क्यांच्या आत. आपली पहिली वेच पावसात सापडलेली. घरात पसरून वाळवायला जागा कुठे आहे? कृषी केंद्राची उधारी दारात उभी होती, म्हणून चार क्विंटल गावात येऊन माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला 6,900 ने दिला. वेचाईचेच क्विंटलमागे 1,200 गेले, म्हणजे सहाव्या हिश्श्याहून जास्त.

आणि भाव का पडला, तेही मी वाचलं. बाहेरून येणाऱ्या कापसावर 11 टक्के आयात शुल्क होतं. ते सरकारने 19 ऑगस्ट 2025 पासून डिसेंबरअखेरपर्यंत काढून टाकलं. गिरण्यांना स्वस्त माल मिळावा म्हणून. आपला कापूस नेमका याच महिन्यांत घरी येतो. हा निर्णय घेताना यवतमाळच्या कोणा कास्तकाराला विचारलं असतं, तर त्याने तारखाच पुढे ढकलायला सांगितल्या असत्या.

सोयाबीनचं तर बोलूच नये. यंदाचा हमीभाव 5,328, आणि बाजार समितीच्या हर्रासात डागी म्हणून आपल्या मालाला 4,150 मिळाले. म्हणजे किलोला साडेएक्केचाळीस रुपये. तिथूनच येताना तेलाची पिशवी घेतली, लिटरला 140 च्या वर. सोयाबीनमधून तेल निघतं पाचव्या हिश्श्याहून कमी, बाकी ढेप, हे मला ठाऊक आहे. ढेपेला उठाव नाही, कारण इथेनॉलच्या कारखान्यांतून उरलेला मका-तांदळाचा चोथा कोंबड्यांच्या खाद्यात स्वस्त पडतो. कारण कळलं तरी पिशवीचे पैसे तेवढेच द्यावे लागतात.

हे तुला एवढ्यासाठी सांगतो आहे की मला माझी वही दाखवता येते. वेचणाऱ्या बाईने विचारलं, काऊन देत नाही, तर मी तिच्यासमोर वही उघडू शकतो. तुझ्या मशीनवरून महिन्याला किती माल निघतो, त्याला काय किंमत येते, कंपनी तुझ्या नावाने ठेकेदाराला किती देते आणि तुझ्यापर्यंत किती पोचतं, ही वही तुला कोणी दाखवली आहे का? विचारून पाहिलंस का कधी? विचारलं तर काढून टाकतील, ही भीती मला समजते. पण आपला पगार कमी म्हणजे आपणच कमी, असं तुझ्या मनात बसलं आहे, ते मला स्लिपपेक्षा जास्त लागलं. तू आकडा लपवलास तो याच कारणाने.

ही गोष्ट तुझ्या मनात बसवण्यात माझाही हात आहे. बी.एस्सी. झाल्यावर तीन वर्षं तू अभ्यासिकेत बसलास. 2023 च्या तलाठी भरतीला 900 रुपये फी भरली. निकाल लागला आणि मी जेवताना म्हणालो, लागणारे लागतातच. तू ताट तसंच ठेवून उठलास. त्या भरतीत जागा होत्या 4,644 आणि अर्ज आले होते दहा लाखांवर. एका जागेमागे दोनशेवर पोरं. पुढच्या वर्षी पोलीस भरतीलाही साडेसतरा हजार जागांना सतरा लाखांवर अर्ज. तलाठीचे आकडे तेव्हाही पेपरात होते. मी वाचले होते आणि तरी तुला टोचून बोललो. ते माझं चुकलं. तुझ्या वयाचे दोन पोट्टे मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणातून कामाला लागले होते, महिन्याला 10,000 विद्यावेतन. सहा महिने, मग आणखी पाच वाढवून दिले, आणि मग घरी. आता ते पुन्हा पारावर दिसतात. त्यांच्या बापांशी मी डोळे मिळवून बोलतो, तसंच तुझ्याशी बोलायला हवं होतं.

इथे काम का नाही, याचा मी अलीकडे पुष्कळ विचार करतो. एका गाठीत 170 किलो रुई असते. आपल्या तीन एकरांतल्या 12 क्विंटल कापसाच्या जेमतेम अडीच गाठी होतात. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली, गाठ बांधली, ट्रक भरला, की आपल्याकडचं काम संपलं. जिनिंग चालते पाच-सहा महिने. सूत, कापड, शिवण, ज्यात खरी माणसं लागतात, ते सगळं दुसरीकडे. तुझे आजोबा सांगायचे, शकुंतला आगगाडी कापूस न्यायलाच टाकली होती. इंग्रजांच्या काळापासून आपण गाठी पाठवत आलो. आता ती गाडीही बंद आहे आणि गाठींच्या मागे आमची पोरं जातात.

आजोबांचं आणखी एक आठवलं. 1972 च्या दुष्काळात ते रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात. मागेल त्याला काम, ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राने आधी केली, देशात कायदा 2005 ला आला. 2025-26 मध्ये त्या कामाची मजुरी रोजची 312 रुपये. शंभर दिवस पुरे मिळाले तर वर्षाचे 31,200. तेवढेही दिवस आपल्या गावात भरत नाहीत आणि पैसे खात्यात पडायला वाट पाहावी लागते. पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला 12,000 येतात, मायच्या खात्यात लाडक्या बहिणीचे महिन्याला 1,500 येतात. ते मी नाकारत नाही, त्यावर आपलं तेल-मीठ चालतं. पण तुझी माय परवा म्हणाली, "पैशे देतात ते बरंच आहे, पण पोराले काम दिलं असतं तं तो इथं असता."

तू ताईला विचारलंस की मी परत आलो तर गावात कसं दिसेल. तिने मला सांगितलं, हेही कबूल करतो. तर ऐक. पाच एकरांत यंदा कापूस आणि सोयाबीन मिळून एक लाख तेरा हजारांच्या आसपास येतील आणि सत्तर हजार खर्चात गेले. तूर घरी खाण्यापुरती आणि थोडी विकायला होईल. तू आलास तर तुला शेतीतून पगार देता येईल असं मी म्हणू शकत नाही. लग्नाचंही तू जाणतोस, शेतकरी पोरगा म्हटलं की लोक स्थळ पुढे बोलत नाहीत, आणि ठेकेदाराकडे आहे म्हटलं तरी तेच. हे खरं आहे, मी ते गोड करून सांगणार नाही. पण यायचं असेल तर ये. घर तुझं आहे, आणि गावाला जे सांगायचं ते मी सांगेन. राहायचं असेल तर राहा. फक्त पारावरच्या लोकांच्या तोंडाकडे पाहून ठरवू नकोस.

राहणार असशील तर तीन कामं कर. तुझा पीएफ कापला जातो तो खात्यात भरला जातो का, ते यूएएन नंबर टाकून पाहा. जेवढा तुझा कापतात तेवढाच वाटा मालकानेही भरायला हवा. ईएसआयसीचं कार्ड काढून घे, दवाखान्याला स्वतःच्या खिशातून देऊ नकोस. तिसरं, कारखान्यातला दिवस 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेता येईल असा निर्णय सप्टेंबरात मंत्रिमंडळाने घेतला, असं मी वाचलं. जादा तासांना दुप्पट दर आणि कामगाराची संमती लागते. तू किती तास थांबतोस ते रोज एका वहीत लिहून ठेव. माझ्यासारखीच वही घे, दोनशे पानी. ठेकेदाराशी एकट्याने भांडायला जाऊ नकोस, खोलीतल्या चौघांनी आपापल्या स्लिपा आधी एकमेकांना दाखवा. तुम्ही एकमेकांपासूनही आकडा लपवत असाल, असं मला वाटतं.

आणि 5,000 पाठवणं बंद कर. मार्चपर्यंत 2,000 पुरे. ताईची फी मी तुरीवर भागवतो. उरलेल्या पैशांतून दूध सुरू कर, व्हिडिओ कॉलवर तुझे गाल बसलेले दिसतात. माय काही बोलत नाही, पण फोन ठेवल्यावर पदर डोळ्यांना लावते.

तूर जानेवारीत निघेल. तेव्हा चार दिवस ये. तिकिटाचे पैसे मी टाकतो, नको म्हणू नकोस. या बुधवारी ट्रॅव्हल्सवाल्याजवळ एक चुंगडी देतो आहे. ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी आणि त्या करंज्या आहेत. करंज्या आता जराशा कडक झाल्या असतील, चहात बुडवून खा.

स्लिपचा फोटो दर महिन्याला मलाच पाठवत जा.

तुझा,
बाबा