शुभे, मी बी.एड.चा फॉर्म भरलाय

पुणे, रविवार

प्रिय शुभे,

बी.एड.च्या सीईटीचा फॉर्म भरलाय. फोनवर सांगितलं असतं तर पहिल्या वाक्यालाच तू माझ्यावर तुटून पडली असतीस, म्हणून पत्र. आधी शेवटपर्यंत वाच, मग काय बोलायचं ते बोल.

आम्ही सगळे बरे. आईच्या गुडघ्यांचं तेच. डॉक्टर चाला म्हणतात, ती चालत नाही.

आमच्या वॉचमनकाकांची मुलगी आठवीत आहे, संध्याकाळी गणिताची वही घेऊन वर येते. परवा वही मिटून म्हणाली, "ताई, वजा गुणिले वजा अधिक का होतं?" शुभे, मला आपला सातवीचा वर्गच दिसला. बाई म्हणतायत नियम आहे, पाठ कर, आणि तू आपली उभी राहून, "पण का?" उरलेला तास तू व्हरांड्यात काढलास. मी हिला एकाखाली एक लिहायला लावलं. ३ गुणिले वजा २, उत्तर वजा ६. २ गुणिले वजा २, वजा ४. मग १ घेतला, वजा २. शून्य घेतलं, शून्य. विचारलं, दर ओळीला उत्तर कितीनं वाढतंय? म्हणाली, दोनानं. मग पुढची ओळ तूच लिही. तिनं वजा १ गुणिले वजा २ लिहिलं, पेन्सिल तशीच धरून थांबली आणि हळूच २ लिहिले. मी काही न सांगता वजा ३, वजा ४ पर्यंत खाली उतरत गेली. अमितला सांगितलं तर "छान" म्हणाला. त्याचा दोष नाही, तो त्या वर्गात नव्हता. तू होतीस.

लॅबचं काम मला आवडतं. ब्युरेटचा शेवटचा थेंब कधी थांबवायचा हे हाताला कळतं आता, फ्लास्कमधला फिका गुलाबी टिकला की झालं. पण तिथं मला कुणी "का" विचारत नाही. रिपोर्ट कधी देताय, एवढंच.

आता घोर कसला ते सांगते. सीईटीचा नाही. १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत, ते मी करेन. (सामान्य ज्ञानही आहे. ऑस्ट्रेलियाची राजधानी सिडनी यावर तू पैज हरली होतीस, ते वडापाव अजून यायचेत.) मेथड, म्हणजे शिकवायचे विषय, विज्ञान आणि गणित घेणार. एस.वाय.पर्यंत गणित होतं, एम.एस्सी. केमिस्ट्री आहे, अडू नये. घोर त्यापुढचा आहे, आणि तो तुझ्याइतका कुणाला कळणार?

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालंय. तासांना ८० टक्के हजेरी, शाळेतल्या इंटर्नशिपला ९०, आणि ती इंटर्नशिप एकूण २० आठवड्यांची. म्हणजे नोकरी सोडावीच लागणार. आत्ता मी ३४. प्रवेश होऊन बाहेर पडेन तेव्हा ३७. आणि शिक्षक भरतीत खुल्या गटाला वयाची अट ३८. त्या भरतीची परीक्षा, म्हणजे अभियोग्यता चाचणी, २०१७ ला झाली, नंतर थेट २०२३ ला, मग २०२५ ला. पुढची कधी, यावर माझं सगळं टांगलेलं. चाचणी वेळेत झाली, गुण पडले, सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागलं, तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, माध्यमिकला महिना १८,०००. हा आकडा २०२३ मध्ये वाढवलेला, त्याआधी ८,००० होता. त्यात संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, पटावर. मराठी शाळांचे पट घसरतायत, पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त. रात्री हे सगळं मांडत बसते आणि मला तू दिसतेस. २०११ ला तुझं डी.एड. झालं आणि २०१२ ला भरतीच बंद. दर महिन्याला तू म्हणायचीस, पुढच्या महिन्यात निघेल. पतसंस्थेत लागल्यावरही वर्षभर तुझ्या पर्समध्ये डी.एड.च्या गुणपत्रकाची झेरॉक्स असायची. मी पाहिली होती, बोलले नव्हते.

माझ्या लग्नात पंगतीत, सगळ्यांसमोर, तू म्हणालीस, "पोरींनो, काहीही व्हा, मास्तरीण होऊ नका." मी भडकले होते. ताट सोडून उठलीस तू, आणि पुढं दिवाळीपर्यंत आपण बोललो नाही. शुभे, मी आजही तेच म्हणते. तुझं शिकवणं वाया गेलेलं नाही, तुझ्यावर अन्याय झालाय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सराव पाठाला तू अपूर्णांक शिकवायला भाकरी नेली होतीस आणि पोरांनी तास संपायच्या आत ती खाल्ली. त्या वर्गात एकालाही पाव आणि अर्धा यांत गोंधळ राहिला नसेल!

ओळखीतल्या एकाला एका संस्थेत शिक्षकाच्या जागेसाठी पैसे मागितले. मी देणार नाही, हे आधीच ठरवलंय. पोर्टलवरून झालं तर झालं. नाहीच झालं तर विनाअनुदानित शाळेत कमी पगारावर शिकवेन. अमित म्हणतो घराचा हप्ता तो एकटा ओढेल. ओढेल तो, पण त्याला ओढायला लावणं मला जड जातंय. आईला अजून सांगितलेलं नाही.

तुझं काय चाललंय? मार्चएंडची धावपळ सुरू झाली असेल. चिनूची दहावी ना यंदा? विज्ञान भाग १ मधलं काही अडलं तर मला व्हिडिओ कॉल करायला सांग, रात्री नऊनंतर केव्हाही. भावजींना नमस्कार.

एक काम कर. तुझ्या पाठ टाचणाच्या वह्या माळ्यावर असतील, निळ्या कव्हरच्या. रद्दीत दिल्या नसतील तर बार्शीहून कुणी येणार असेल त्याच्याबरोबर पाठव. अपूर्णांकाचा पाठ तू नेमका कुठून सुरू केला होतास, भाकरी आधी दाखवलीस की फळ्यावर आकडे आधी लिहिलेस, ते मला बघायचंय. आणि भांडायचं असेल तर शनिवारी फोन कर, मला सुट्टी आहे.

तुझी,
वैशू