विस्मरणाआधी बदलणारी चाल

मा. संपादक, स. न.

मुले मुंबईला आणि वृद्ध आईवडील गावी, अशी कोकणातील अनेक घरांची स्थिती असल्याने वृद्धांच्या वागण्यातील बदल बहुधा गणपतीला चाकरमानी आल्यावरच लक्षात येतात आणि ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले जातात. मेंदूतील पांढऱ्या द्रव्याच्या विकारात ही समजूत घातक ठरते. पांढरे द्रव्य म्हणजे मेंदूच्या भागांना जोडणारे, मायलिन या स्निग्ध आवरणाने वेढलेले तंतू; ते अतिशय बारीक रक्तवाहिन्यांवर पोसले जातात. वर्षानुवर्षे चढा राहिलेला रक्तदाब त्या वाहिन्या जाड व अरुंद करतो आणि तंतूंना इजा होते. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑटो बिन्सवांगर यांनी १८९४ मध्येच असे रुग्ण वर्णिले होते. अल्झायमरमध्ये सहसा आधी स्मृती ढळते. येथे मात्र पावले आखूड होणे, विचार मंदावणे, हिशेब न जमणे, लघवीची घाई ही लक्षणे आधी दिसू शकतात. एमआरआयमधील थोडेफार पांढरे ठिपके उतारवयात अनेकांना असतात, त्यांनी घाबरू नये. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉइड मात्र तपासावेच, कारण त्यांमुळेही अशी काही लक्षणे दिसू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाब मोजताना वृद्धांची चालही पाहावी आणि (आम्हा किनारपट्टीवाल्यांना रुचणार नाही, तरी) खारवलेल्या सुक्या मासळीतील मिठाबद्दल स्पष्ट सांगावे, ही विनंती.

एक वाचक, रत्नागिरी