जिमी पुन्हा मेला

सांगली

प्रिय वासंती,
सप्रेम नमस्कार.

तुझी पत्रे आणि निरोप उशाशी ठेवून गप्प बसलेल्या माणसाने उत्तराची सुरुवात कोणत्या तोंडाने करावी, हे मला ठाऊक नाही. म्हणून थेट सांगते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या दिवाणखान्यात जिमी डार्मोडी पुन्हा मेला, आणि या वेळी समोर दादा बसला होता. हे वाक्य इथे कोणाला ऐकवले, तर तो माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहील. तुला निम्मे एवढ्यावरच कळले असेल. तब्येती ठीक आहेत, गुडघा आहे तसाच आहे.

झाले असे की, इराने सुट्टीत 'बोर्डवॉक एम्पायर' ही दारूबंदीच्या काळातल्या अमेरिकन गुंडांची मालिका पहिल्यापासून पाहायला घेतली होती. माझ्या तोंडून या मालिकेचे आणि आपल्या भांडणाचे नाव तिने लहानपणापासून ऐकलेले. त्या रात्री दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग, 'टू द लॉस्ट', उरला होता. पेढीवरचे पूजन आटोपून दादा आणि वहिनी जेवायला आले. वहिनी माझ्याबरोबर स्वयंपाकघरात, आणि दादा, ज्याला बातम्या आणि बाजारभाव यांच्यापलीकडे टीव्ही असतो हेच मान्य नाही, तो पान खात इराच्या शेजारी बसला. अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे दारूबंदी होती, हे इराने सांगितल्यावर त्याला एकदम रस वाटू लागला, कारण त्याला आप्पांचे मुंबई राज्यातल्या दारूबंदीच्या काळातले ते प्रकृतीच्या कारणाचे परमिट आठवले. आप्पांना कोणता आजार होता, हे आजीला शेवटपर्यंत कळले नव्हते, हा विनोद त्याने याही वर्षी केला. मग हा कोण, तो कोण, असे विचारत त्याने इराकडून तेवीस भागांची कथा वीस मिनिटांत वदवून घेतली, अगदी एखाद्या खात्याची थकबाकी तपासावी तशी.

आणि तिथेच माझ्या पोटात गोळा आला, कारण सांगता सांगता इरा जे सांगत होती ते आपल्या घरातलेच होते आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. नकी थॉम्पसन या चोरट्या दारूच्या धंद्यातल्या पुढाऱ्याने जिमीला पोराप्रमाणे वाढवले. स्वतःच्या हाताखाली धंद्यात घेतले, शिकायला पाठवले. तो पोरगा ते शिक्षण अर्धवट टाकून युद्धावर गेला, परत आला, इतरांच्या नादी लागून नकीच्याच विरुद्ध कटात सामील झाला आणि त्याला मारण्याला त्याने होकारही दिला. दादा पान चघळायचा थांबला. वासंती, तू ते तोंड पाहिलेले आहेस. बाबूराव गेले त्या वर्षी विन्याला शाळेतून उचलून गादीवर बसवणारा दादाही तू पाहिला आहेस, आणि विन्या कवठ्याकडची सगळी शेतकरी खाती घेऊन समोरच्या अडतीत गेला त्या दिवसाचा दादाही.

मी बाहेर येऊन बसले तेव्हा जिमी भरपाई करत फिरत होता. तुला आठवते ना तो भाग? नकीचा साथीदार चॉकी, त्याच्या माणसांना मारणाऱ्यांना पकडून तो चॉकीच्या स्वाधीन करतो. नकीवरचा खटला कोसळावा म्हणून एकाच्या नावाने कबुलीजबाब तयार करवून घेतो आणि त्या माणसाचा काटा काढतो. केलेले सारे उलटे फिरवण्यासाठी जे जे हाताशी आहे ते करतो. मग समुद्राच्या काठी आपल्या लहानग्या मुलाला, टॉमीला, तट्टावर बसवतो. दादाने विचारले, "हा एवढा का धावतोय?" इरा म्हणाली, "माफी हवीय त्याला." दादा म्हणाला, "हं."

त्या 'हं'चा अर्थ मला माहीत होता, कारण त्याच संध्याकाळी विन्या पेढीवर येऊन गेला होता. पेढ्यांचा पुडा घेऊन आला, दिवाणजींना नमस्कार केला, जुन्या बाकीचा धनादेश वहीवर ठेवला आणि दादाच्या पाया पडायला आत जाऊ लागला. दादा आतल्या खोलीचे दार लावून बसला तो विन्या जाईपर्यंत उठला नाही. धनादेश मात्र त्याने ठेवून घेतला. ते त्याला शोभलेच.

पुढचे तुला पाठ आहे. रात्री, पावसात, अर्धवट बांधलेल्या युद्धस्मारकापाशी जिमी एकटाच आणि निःशस्त्र जातो. त्याचा सैनिक मित्र रिचर्ड बरोबर येतो म्हणाला तर त्याला घरी ठेवतो. म्हणजे काय होणार हे त्याला ठाऊक आहे. समोर नकी, त्याचा भाऊ ईलाय आणि जिमीचा वैरी मॅनी हॉर्विट्झ. स्वतः कधी हात न रंगवलेल्या नकीला जिमीच धीर देतो, पहिल्या खुनानंतर काय होते आणि दारू संपली, सोबत संपली की कोण उरते ते सांगतो. आपल्याच मारेकऱ्याला शिकवणारा हा शेवटचा धडा पाहताना मला आजही अंगावर काटा येतो. मी तोपर्यंत दादाकडे बघणार नाही असे ठरवले होते. पहिली गोळी झाली. मग आपण क्षमा मागायला आलेलो नाही असे नकीने थंडपणे सांगितले, आणि दुसरी गोळी.

प्रतिक्रिया ऐक. आमचे हे झोपले होते, ते गोळीच्या आवाजाने जागे होऊन "कोण गेलं?" असे विचारते झाले आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा झोपले. इरा बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आता रिचर्डला कोण सांगणार?" तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला. तू आणि मी २०११ च्या त्या डिसेंबरात तास तास वाद घातला, नकी बरोबर की जिमी, लेखकाने फसवले की नाही. पण तो अर्धा पत्र्याचा चेहरा घेऊन घरी वाट पाहत बसलेला माणूस आपल्यापैकी कोणाच्या डोक्यात आला नाही. आणि दादा? दादाने पानाची पिंक टाकायला उठता उठता सांगितले, "बरोबर केलं त्यानं. एकदा उलटला तो पुन्हा उलटतो."

आता तुझ्या त्या फोनकडे वळते, कारण तो विषय मी इतकी वर्षे मुद्दाम मिटू दिलेला नाही. ११ डिसेंबरच्या रविवारी रात्री तिकडे भाग संपला आणि इकडे सोमवारी सकाळी, मी दूध तापवत असताना, तू अमेरिकेतून, एडिसनहून, फोनवर ओरडत होतीस की दोन वर्षे मनात बसवलेला माणूस असा चिखलात मारून टाकणे हा प्रेक्षकांचा विश्वासघात आहे, आणि उद्याच त्या वाहिनीचे पैसे भरणे बंद करणार आहेस. तू एकटी नव्हतीस; तिथे कित्येकांनी पुढे एकही भाग न पाहण्याची शपथ घेतली होती. मी तेव्हा काय म्हटले तेच आजही म्हणते: अर्धा गुंड होऊन चालत नाही, हे जिमीनेच पहिल्या भागात नकीला बजावले होते. शेवट पहिल्या दिवशी सांगितलेला होता. आणि नगर वाचनालयातली प्रत्येक रहस्यकथा शेवटच्या पानापासून वाचणाऱ्या, वर मलाही खुनी कोण ते सांगून टाकणाऱ्या बाईने शेवटाबद्दल तक्रार करावी, हे तर मला कधीच पचलेले नाही.

पण त्या रात्री दादाच्या तोंडून माझाच निवाडा ऐकला, आणि तो मला जराही आवडला नाही. मी म्हणत होते, कथेला दुसरा शेवट शोभला नसता. दादा म्हणत होता, माणसाने असेच वागावे. दोघांचे शब्द सारखे आणि मधे एवढी मोठी दरी, हे त्याला समजावून कसे सांगावे? प्रयत्न केला. म्हटले, दादा, तो नकी काही जिंकत नाही. घरी जाऊन बायकोला सांगतो, जिमी पुन्हा सैन्यात गेला. खोटे तिला कळते, आणि त्याच्या महामार्गाच्या स्वप्नाची ती जमीन ती चर्चला लिहून देते. दादा म्हणाला, जमिनीच्या कागदांवर बायकोचे नाव घालूच नये.

मग इराने मधेच मोबाइल पाहून सांगितले की खरा माणूस नकी थॉम्पसन नव्हे, इनॉक जॉन्सन. तो अ‍ॅटलांटिक काउंटीचा खजिनदार होता, कोटाला लाल कार्नेशन लावून हिंडत असे, आणि १९४१ साली दोषी ठरला तो करचुकवेगिरीत. त्याने कोणाला गोळी घातल्याची कुठे नोंद नाही. यावर दादा चक्क नाराज झाला. "म्हणजे हे सगळं लिहिणाऱ्याच्या मनातलं?" असे म्हणून तो हात धुवायला गेला. मला हसूही आले आणि वाटलेही, की ज्या गोष्टीचा त्याने पाच मिनिटांपूर्वी दाखला दिला, तिची जबाबदारी आता तो लेखकावर ढकलत आहे. तुला ते अ‍ॅटलांटिक सिटी आठवते का? दीड तास गाडी चालवून तू मला नेलेस, त्या लाकडी फळ्यांवर वाऱ्यात उभी राहिलीस, आणि मी सांगितले की मालिकेचा बोर्डवॉक इथला नाहीच, तो ब्रुकलिनमध्ये उभारला होता, तेव्हा तू नेमके असेच तोंड केले होतेस. त्या ढकलखुर्चीत तू बसली नाहीस, माणसाने माणसाला ढकलायचे म्हणून; मी बसले असते, पण तुझ्या धाकाने चालत राहिले आणि गुडघा तिथूनच बिघडला, हे माझे ठाम मत आहे.

पुढचा परिच्छेद तू डोळे झाकून वाच, कारण शेवटचा सीझन तू पाहिलेला नाहीस आणि शपथ अजून मोडलेली नाहीस. मी दादाला शेवट सांगून टाकला. म्हटले, तट्टावर बसलेला तो पोरगा पुढे मोठा होतो, आणि शेवटच्या भागात नकीला गोळी घालतो तो तोच. ती जिमीची आई जिलियन, जिला तेराव्या वर्षी नकीने त्या म्हाताऱ्या कमोडोरच्या हवाली केले, तिचा तो नातू. सारे त्या एका दिवसापासूनचे आहे. दादा पाणी पिऊन म्हणाला, "मालिका आहे ती, शालन. पेढीला पोरं येत नाहीत गोळ्या घालायला." आणि वहिनी, जी इतका वेळ गप्प होती, ती ओट्याशी उभी राहून म्हणाली, "विन्याचा मुलगा आजोबा म्हणून यांच्या फोटोला हार घालतो म्हणे." जिवंत माणसाच्या फोटोला! दादा पहिल्यांदा हसला, आणि लगेच चपला घालून निघाला.

ते हसू मला सोडायचे नाही. म्हणून हे पत्र. विन्या तुळशीच्या लग्नाला पुन्हा येणार आहे. दिवाणजींनी मला कळवले आहे, दादाला नाही. मी बोलले तर तो मला बहीण म्हणून ऐकून घेईल आणि काही करणार नाही. तुझे तो ऐकतो. का ऐकतो, ते आपण दोघींनी बोलायचे नाही असे ठरलेले आहे, आणि तू त्याला जन्मात कधी दादा म्हटले नाहीस हेही मी कोणाला सांगितलेले नाही. तू फोन कर. क्षमेवर व्याख्यान देऊ नकोस, तो फोन ठेवेल. त्या भागाचे बोल. तू तो पाहून किती चिडली होतीस ते तुझ्या शब्दांत सांग; माझ्याशी भांडलीस तशी त्याच्याशी भांड. नकीचे बरोबर नव्हते असे त्याला अजून कोणी तोंडावर म्हटलेले नाही.

तुझ्या निवृत्तीचे अभिनंदन राहूनच गेले, ते घे. निखिलच्या नव्या घराचे फोटो पाहिले, खिडक्या सुरेख आहेत, स्वयंपाकघर लहान वाटले. जयंतरावांची साखर कमी झाली हे वाचून बरे वाटले. सूनबाईंना आशीर्वाद.

दादाला फोन तिथल्या सकाळी कर, म्हणजे इथे रात्र होते. सौद्याच्या वेळी तो देवाचाही फोन घेत नाही.

तुझी,
शालन

ता. क. डोळे झाकून वाचायचा परिच्छेद तू आधी वाचलास, हे मला माहीत आहे.