आजी-आजोबा आहेत तोवर शिकून घेऊया

प्रिय मित्रा,

तू विचारलंस की घरातला कचरा कमी करायचा तर सुरुवात कुठून करू, डबे कुठले घेऊ, एखादं चांगलं अॅप आहे का. डब्यांचं नंतर बघू रे. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी एक अख्खी दुपार जाऊन बस, आणि ते हाताने काय काय करतात ते नुसतं बघ. हे मेसेजमध्ये दोन ओळीत सांगण्यासारखं नाही म्हणून सरळ पत्रच लिहायला बसलो.

मी सध्या आजीकडून रफू करायला शिकतोय. मोजा हातात चढवून ती उजेडासमोर धरते आणि जिथून उजेड जास्त आरपार येतो तिथे सुई घालते, म्हणजे भोक पडायच्या आधीच, कारण भोक पडल्यावर काम चौपट होतं असं तिचं म्हणणं. आधी सगळे धागे एकाच दिशेने जवळजवळ टाकायचे, मग आडवा धागा एकाच्या वरून एकाच्या खालून असा विणत न्यायचा, तिथे चक्क छोटंसं नवीन कापडच तयार होतं बघ. आणि प्रत्येक ओळ संपली की टोकाला ती धागा जरासा सैल सोडते, बारीक लूप ठेवते. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाली नवीन धागा धुतल्यावर आटतो, आत्ताच ताणून घेतलास तर आजूबाजूचं जुनं कापड ओढलं जाऊन तिथे फाटेल. हे जे 'का' आहे ना, ते शेजारी बसून विचारल्याशिवाय कळत नाही, आणि आपल्या पिढीचं नेमकं तेच हातातून सुटत चाललंय असं मला फार वाटतं.

तिच्याकडे प्रत्येक वस्तूचा पुढचा मुक्काम ठरलेला असतो. चादर घे. चादर मधे विरते कारण आपण मधे झोपतो, कडा बिचाऱ्या तशाच धडधाकट राहतात, म्हणून ती चादर मधोमध उभी कापते, दोन्ही कडा आणून मधे जोडते, विरलेला भाग आता बाहेरच्या बाजूला जातो तो दुमडून शिवून टाकते आणि तो गादीखाली खोचला जातो, झाली पुढच्या काही वर्षांची सोय. शर्टाची कॉलर झिजली की उसवून उलटी करून लावायची. शर्ट अगदीच गेला की आधी बटणं काढून डबीत, चांगले तुकडे ठिगळांना, उरलेल्याचे पुसायचे फडके, तेही फक्त सुती कापडाचे, कारण पॉलिस्टर पाणी नीट शोषतच नाही. साबणाचा शेवटचा पापुद्रा ओला करून नव्या वडीवर दाबून बसवायचा. यातलं काहीही तिने पर्यावरण हा शब्द डोक्यात ठेवून केलेलं नाही, पण टाकायला उरतच इतकं कमी की डबा भरायला किती दिवस लागतात.

आणि हे फक्त आपल्या घरातलं नाही, जगभरात हे होतं. ब्रिटनमध्ये १९४१ ते १९४९ कपड्यांवर रेशनिंग होतं, तेव्हा सरकारने 'मेक डू अँड मेंड', म्हणजे आहे त्यात भागवा आणि दुरुस्त करा, अशी मोहीमच चालवली होती, आणि तो चादरीचा प्रकार तिकडेही घरोघरी चालायचा. अमेरिकेत मंदीच्या काळात बायका पिठाच्या कापडी पोत्यांचे कपडे शिवायच्या, हे लक्षात आल्यावर गिरण्या पोत्यांवर फुलाफुलांची डिझाइनं छापायला लागल्या. मला हे वाचून खूप भारी वाटलं, की वस्तू विकतानाच तिचा दुसरा जन्म धरलेला. आज एखादं पॅकिंग बघून असं वाटतं का सांग.

स्वयंपाकघराचं मात्र तुला जरा जोर देऊन सांगतो, कारण सगळ्यात जास्त वाया तिथेच जातं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा अंदाज आहे की २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून, हॉटेलं आणि दुकानं त्याच्या मागे. माणशी धरलं तर वर्षाला ७९ किलो, फक्त घरातलं! आजीचा नियम साधा आहे, नवीन आणलेलं मागे आणि जुनं पुढे, आणि बाजारात जायच्या आधी घरात काय आहे ते बघायचं. कांदे-बटाटे एकत्र ठेवायचे नाहीत. त्यात आपण आपल्या काळाची एक गोष्ट घालायची, पाकिटावर 'बेस्ट बिफोर' असेल तर ती चवीची आणि दर्जाची तारीख असते, 'यूज बाय' असेल तर ती सुरक्षिततेची, ती मात्र पाळायचीच. लोक दोन्ही एकच समजून चांगलं अन्न फेकून देतात, जीव तुटतो रे.

सालं, देठं वगैरे राहिलंच तर ते खतात. मोठ्या कचरा डेपोत ढिगाखाली दाबलं गेलं की त्याला हवा मिळत नाही आणि मिथेन तयार होतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरतो. घरी ओल्या कचऱ्याच्या दुप्पट तरी सुका पाला किंवा पुठ्ठ्याचे तुकडे घाल, अधूनमधून हलव. वास आला म्हणजे ओल जास्त झाली, सुकं वाढव, एवढंच शास्त्र.

रिसायकलच्या डब्यावर फार भरवसा ठेवू नकोस. २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लास्टिक कचरा झाला त्यातला जेमतेम ९ टक्के रिसायकल झाला होता. जुन्या लोकांचा क्रम बरोबर होता, आधी घ्यायचंच नाही, घेतलं तर पुरवून वापरायचं, मोडलं तर दुरुस्त करायचं.

पण सगळंच डोळे झाकून उचलायचं नाही हं. परसात कचरा जाळायची त्यांची सवय सोडूनच द्यायला हवी, तेव्हा त्यात पालापाचोळा आणि कागद असायचा, आज प्लास्टिक असतं आणि तो धूर विषारी. आणि दुसरं, जे मला जास्त टोचतं, ही सगळी काटकसर बहुतेक घरांत बायकांच्या हातांवर उभी होती. शिवणं, उसवणं, वाळवणं, साठवणं, सगळं त्यांनीच, आणि त्याची मोजदाद कुणीच केली नाही. म्हणून आपण ही सवय घरात परत आणणार असू तर सुई आपल्याही हातात हवी, बायकोला किंवा आईला आणखी एक काम लावून नाही.

तर मित्रा, डबे आणायच्या आधी आजोबांकडे जा. तुझे आजोबा स्वतः सुऱ्या-कात्र्यांना धार लावतात ना? पातं दगडावर किती तिरकं धरायचं, पाणी कधी घालायचं, धार आली हे बोटाला कसं कळतं, सगळं विचार, जमलं तर स्वतः एक सुरी करून बघ आणि मला सविस्तर लिही. आमच्याकडे ते काम माझे आजोबा करायचे, आता सांगायला कोणी नाही, आणि कात्री बोथट झालीये, आजी रोज कुरकुर करते.

पत्राची वाट बघतोय.

तुझाच,
मित्र